एल्विराचे पहिले पुस्तक

मी, दोमितिला अस्तुदिल्यो, वय एक्याऐंशी, अविवाहित, धंदा धार्मिक पुस्तके व मेणबत्त्यांची विक्री, राहणार कुएन्का, इक्वादोर, हे स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. डोळे अधू झाले असले तरी डोके ठिकाणावर आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही; तसे करील असा माणूस या गल्लीत अजून जन्मायचा आहे. पूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत, ती रागात लिहिली होती. हेही रागातच लिहीत आहे, फक्त राग आता वेगळ्या माणसावर आहे.

कलम १. दुकान व मागील दोन खोल्या माझा भाचा ग्रेगोरियो यास द्याव्यात. गेली सहा वर्षे तो दर रविवारी सूप पिण्याच्या निमित्ताने येतो आणि भिंती ठोकून पाहतो. घे बाबा एकदाच्या. मागचे छत गळते, हे मी त्याला मुद्दाम सांगितलेले नाही.

कलम २. मेण ओतण्याचे साचे व कढया शेजारीण ओफेलिया हिला. तिने मला भर बाजारात कजाग म्हटले होते. पुढे माझे कंबरेचे हाड मोडले तेव्हा दोन महिने उकडलेला मका आणून भरवला, तोही तिनेच. म्हणून कढया तिच्या. त्या शब्दाची माफी मात्र नाही.

कलम ३. दुकानातील पुस्तके. यांच्याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल.

आमच्याकडे मठात जाऊ पाहणाऱ्या मुलीला आधी चाळीस दिवस एकच पुस्तक वाचायला देतात. 'पहिले पुस्तक' म्हणतात त्याला. ते निवडतात तिचे पापनिवेदन ऐकणारे फादर. बांधून घरपोच करण्याचे काम आमच्या दुकानाचे. जुन्या संतमंडळींनी देवाच्या भेटीबद्दल पुष्कळ लिहून ठेवले आहे, आणि येणाऱ्या प्रत्येकाला थेट वरची पायरी हवी असते. पण लंघनातून उठलेल्याला कोणी पहिल्याच दिवशी भाजलेले डुक्कर वाढत नाही. पेज देतात.

१९६६ साली माझी धाकटी बहीण एल्विरा मठात निघाली. वय एकोणीस. तिच्या हाती पडले ते सर्वांत अवघड पुस्तक: देव जिवाला अंधारात सोडतो, भूक मरते, तहान लागते, आणि हेच त्याचे प्रेम, असे सांगणारे. तिसऱ्या आठवड्यात पोरगी वाळू लागली. सारखी पाणी प्यायची. मी डॉक्टरांचे नाव काढले तर हसली.

"ही तहान पाण्याची नसते, ताई. पुस्तकात लिहिलंय ना."

"अगं, सकाळपासून तिसरी सुरई संपवलीस तू."

"मग बरोबर वाटेवर आहे मी."

चौतिसाव्या दिवशी तिची शुद्ध हरपली, ती परत आली नाही. मधुमेह होता. पंधरा दिवस आधी आणली असती तर वाचली असती, असे डॉक्टर म्हणाले.

गावाने तिचे पापनिवेदन ऐकणारे फादर लिओनिदास यांना दोष दिला. तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे, नवखे होते. आईने त्यांच्या तोंडावर दार लावले. मी अठ्ठावन्न वर्षे त्यांच्या चर्चला एकही मेणबत्ती विकली नाही. समोरून आले की रस्ता ओलांडत असे. त्यांनी एका शब्दाने स्वतःची बाजू मांडली नाही.

कलम ४. फादरांनी एल्विरासाठी निवडले होते ते रोज एक पान वाचायचे, साध्या प्रार्थनांचे पुस्तक. ते मी बदलले. भाऊ लग्न होऊन वेगळा झालेला; ती मठात गेली की आजारी आई, हे दुकान आणि मी, एवढेच उरणार होतो. वाटले, चार पाने वाचून घाबरेल आणि घरी राहील. ती घाबरली नाही. आणि मी करून सवरून नामानिराळी राहिले. तिच्या उशाशी ठेवलेले पुस्तक फादरांनी पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि ते निघून गेले. ते बोलले असते तर मी त्यांचा इतका द्वेष केला नसता. त्यांच्या गप्प राहण्याचाच मला जास्त राग आला, आणि तो राग मी आयुष्यभर जपला.

कलम ५. ग्रेगोरियोची मुलगी नार्सिसा, वय वीस, येत्या जूनमध्ये त्याच मठात जाणार आहे. गेल्या रविवारी बापासमोर म्हणाली, "आत्याआजी, त्या फादरकडून पुस्तक नको. त्यांनी एल्विराआजीला मारलं. तूच सांग, कुठून सुरुवात करू?"

मी सूप वाढत राहिले.

म्हणून असे ठरवते की, या मृत्युपत्राने माझ्या मरणाची वाट पाहू नये. येत्या रविवारी, दुकानात, नार्सिसा, ग्रेगोरियो व फादर लिओनिदास यांच्यासमोर ते मोठ्याने वाचले जावे. वाचणार मी. सर्व पुस्तके फादरांची व्हावीत. नार्सिसाचे पहिले पुस्तक त्यांनी निवडावे आणि त्यांच्याच हाताने तिला द्यावे. ते नाही म्हणाले, तर तेही मी उभी राहून ऐकेन.

वरील मजकूर साक्षीदारांनी पूर्ण वाचून माझ्यासमोर सह्या केल्या. वाचल्यानंतर दोघेही मी केलेली कॉफी न घेताच निघून गेले.

सही: दोमितिला अस्तुदिल्यो

साक्षीदार: १. सेगुंदो गुआमान, पाववाला
२. ब्लांका इन्यिगेस, निवृत्त शिक्षिका

स्थळ: कुएन्का
दिनांक: १२ मार्च २०२४