माझ्याच फाटकावरचं धरणं

११ नोव्हेंबर, सकाळ
इंगम गावातल्या घामाघूम घरमालक बंधूभगिनींनो, आपण आयुष्यभर ऊस तोडला, ऊस गाळला, जगाचं तोंड गोड केलं. म्हातारपणी गार वाऱ्याची एक झुळूक मागितली, तर कंत्राटदारानं आपल्या उशीवर पाण्याची धार सोडली.

सुरुवात झकास जमली आहे. मीटिंगमध्ये हीच वापरायची. मीटिंग अजून ठरलेली नाही.

हकीकत नोंदवून ठेवतो. डारिओ बेल्त्रामेनं आमच्या पाहुण्यांच्या खोलीत एसी बसवला. आतलं पाणी बाहेर न्यायच्या पाईपला उतार द्यायचा असतो. यानं चढ दिला. पाणी चढावर जात नाही हे रोमन लोकांना ठाऊक होतं. एसी लावला की पाणी थेट पलंगावर. सध्या तिथे इनेसचं मक्याच्या पिठाचा पोलेंटा शिजवायचं तांब्याचं पातेलं ठेवलं आहे आणि एसी बंद आहे.

त्याच खोलीत नाताळला, म्हणजे इथल्या भर उन्हाळ्यात, आमची लिडिया उतरणार, होबार्टहून, तान्ह्या टेसाला घेऊन. नात मी अजून फोनवरच पाहिली आहे. इनेसनं बजावलं की खोली गार नसेल तर पोरीला इथे ठेवायचं नाही, थंड मुलखातलं लेकरू आहे, उकडून निघेल. मी म्हणालो, हे प्रकरण आता माझ्या हातात आहे. त्यावर तिनं पातेलं उचलून पुसलं आणि परत पलंगावर ठेवलं. बायकोचा विश्वास असाच शांत असतो.

१२ नोव्हेंबर
बोच्चेच्या, म्हणजे आमच्या चेंडूफेकीच्या खेळाच्या मैदानावर डारिओ भेटला. म्हणाला, ओटो, होतं असं कधीकधी, गुरुवारी येतो आणि पाईप खाली वाकवून देतो. मी म्हणालो, वाकवायचं मागाहून, आधी चूक कबूल कर, सगळ्यांसमोर. तो म्हणाला, सगळे म्हणजे कोण, इथे तू, मी आणि तो कुत्रा. मी म्हणालो, प्रश्न तत्त्वाचा आहे. तो म्हणाला, पाईपचा आहे.

निश्चय : त्याच्याशी यापुढे बोलणं बंद. खेळताना फक्त चेंडूच्या अंतराबद्दल बोलायचं.

१४ नोव्हेंबर
आला शिडी घेऊन. मी फाटकातच अडवला आणि कारागिराच्या इभ्रतीवर दोन शब्द बोललो. इनेस म्हणते, दोन शब्दांत त्याच्या गाडीतलं आइस्क्रीम वितळलं. शेवटी तो म्हणाला, बेकरीवाल्याची शीतखोली बंद पडली आहे, तुझं आटपलं की फोन कर. पळ काढला. चर्चेत मी जिंकलो.

खोलीत उकाडा आहे तसाच.

१८ नोव्हेंबर
कंत्राटदारांना लायसन्स देणाऱ्या ब्रिस्बेनच्या कचेरीत तक्रार धाडली. याचं लायसन्सच काढून घ्या, म्हणून. मुद्देसूद. गुलामांच्या बंडापासून सुरुवात केली, मग ऊसतोडीसाठी आलेले आपले बापजादे, मग कंत्राटी कामाची नीती. वाचून इनेसला झोप लागली. दिवसभर राबते बिचारी.

२५ नोव्हेंबर, दुपारी
कचेरीतून रोझलिन नावाच्या बाईंचा फोन. मला पहिल्याच वाक्यात ओटो म्हणाल्या. म्हणजे माझी कीर्ती तिथवर पोहोचलेली दिसते. म्हणाल्या, ओटो, तुम्ही लिहिलंय फार सुंदर, आमच्या इथे मोठ्यानं वाचून दाखवलं, पण एसीला झालंय काय ते लिहायचं राहिलं आहे.

तोंडी सांगितलं. तर म्हणतात की पहिला नियम असा, कंत्राटदाराला चूक सुधारायला एकदा घरात येऊ द्यायचं. तरी नाही सुधारली तर आमचा माणूस येऊन तपासेल. तुम्ही त्याला येऊ देताय ना, असं विचारलं. मी म्हणालो, बाई, मी आयुष्यभर वाटाघाटी केल्या आहेत.

सरकार आपल्या बाजूनं आहे.

२६ नोव्हेंबर
आंघोळ करताना तोडगा सुचला. येऊ द्यायचं, पण आधी त्यानं मान खाली घालायची. त्यासाठी कामगाराच्या हातात एकच हत्यार असतं. धरणं.

साखर कारखान्याच्या युनियनमध्ये असताना मी जेवढी धरणी धरली, त्यातलं एकही जिंकल्याशिवाय उठवलं नाही. माळ्यावरचा जुना फलक काढला. फाटकावर टांगला. धरणं चालू आहे, ओलांडू नका. आमच्या गावात दुसऱ्याचं धरणं ओलांडून आत जाणं म्हणजे गद्दारी, हे शेंबडं पोरही जाणतं. खुर्ची, छत्री, थर्मास. शेकोटीचं पिंपही आणलं होतं, पण ऊन पाहता पेटवलं नाही.

इनेसनं विचारलं, तू आपल्याच घरासमोर धरणं धरून बसला आहेस का? मी हो म्हणालो. ती पुन्हा आत गेली.

२८ नोव्हेंबर
विजय जवळ आला. डारिओ पुन्हा शिडी घेऊन आला, फलक वाचला आणि जागच्या जागी थबकला. डोक्यावरची टोपी काढली. म्हणाला, ओटो, माझा बाप कारखान्याच्या दारात तुझ्याशेजारी बसायचा, पाव आणि कांदा खाऊन. मी आयुष्यात कामं वाईट केली असतील, पण धरणं ओलांडलेलं नाही. तू उठव, मी आत येतो. मी म्हणालो, तू कबूल कर, मी उठवतो. तो म्हणाला, पाईप वाकडा बसला, आता खूश? मी म्हणालो, बसला नव्हे, बसवला म्हण.

त्याला काही ते म्हणवेना. गाडीतून मला एक गार बिअर काढून दिली आणि गेला.

शत्रू खचला आहे.

२ डिसेंबर
काय हा गाव. पोस्टमननं पत्रं शेजाऱ्याकडे टाकली. गॅसवाला सिलिंडर घेऊन परत फिरला. कचऱ्याची गाडी थांबली, ड्रायव्हरनं पाठिंबा म्हणून हॉर्न वाजवला आणि डबा न उचलता पुढे गेला. एकजूट म्हणावी तर ही.

डब्यात रविवारच्या कोळंबीची डोकी आहेत.

५ डिसेंबर
सभा. ऐतिहासिक. हॉलमध्ये उभं राहायला जागा नाही. मी ‘घामाघूम घरमालक बंधूभगिनींनो’ म्हणालो तेव्हा घामाघूम कुणीच दिसेना, कारण हॉल चांगलाच गार होता. पण लोकांना भावना पोहोचली. मी भरपूर बोललो, कुणी उठेना. माझं संपलं तरी कुणी उठेना. मग मी आणखी बोललो.

शेवटी आभाराचा ठराव. मला वाटलं माझा. हॉलच्या सेक्रेटरी ग्वेन टली म्हणाल्या, इतक्या उकाड्यात हॉल असा थंडगार ठेवल्याबद्दल डारिओ बेल्त्रामेचे आभार. टाळ्या. तो मागच्या रांगेत उभा होता, सॉसेज खात.

त्याआधी, डारिओनं जाहीर चूक कबूल करावी या माझ्या ठरावाला फक्त दोन हात वर झाले, एक माझा. दुसरा कुणाचा ते कळलं नाही, बहुधा कुणीतरी पंख्याकडे बोट दाखवत होता. तरी बीज पेरलं गेलं.

९ डिसेंबर
इनेसनं मला न विचारता टाऊन्सव्हिलहून दुसरा एसीवाला बोलावला. एवढ्या लांबून आला. गाडीतून उतरला, फलक पाहिला, माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. म्हणाला, लढत राहा, म्हातारबा. आणि तसाच परत. असे तरुण अजून आहेत म्हणून या देशाचं बरं चाललं आहे.

इनेस खिडकीतून बघत होती. तिचे ओठ हलताना दिसले. अभिमान.

११ डिसेंबर
फार उकाडा. निश्चय : भाषणं कमी, पाणी जास्त.

लिडियाचा फोन. पपा, खोली झाली ना? मी म्हणालो, जवळजवळ. इनेसनं फोन काढून घेतला आणि स्वयंपाकघराचं दार लावलं. पलीकडून लिडियाचं हसणं ऐकू येत होतं. पोरीचा स्वभाव आनंदी आहे, माझ्यावर गेली आहे.

१६ डिसेंबर
रोझलिनबाईंचा फोन. तक्रार बंद केली. कारण काय, तर कंत्राटदार तीनदा दुरुस्तीला तयार होता, घरमालकानं येऊ दिलं नाही. मी म्हणालो, मी अडवलेलंच नाही, धरण्यानं अडवलं. त्या म्हणाल्या, ओटो, धरण्यात किती लोक आहेत? मी म्हणालो, संख्येनं चळवळ मोजत नसतात. त्या म्हणाल्या, माझे वडील गोदीत होते, त्यांचंही असंच असायचं. मग म्हणाल्या, त्याला आत येऊ द्या, आणि नाताळच्या शुभेच्छा.

अपील करणार. अपिलाची सुरुवात सुचली आहे. फ्रेंच राज्यक्रांतीपासून.

२० डिसेंबर
इनेसनं आज सरळ विचारलं, फलक काढतोस की नाही? मी म्हणालो, न जिंकता उठवलेलं धरणं म्हणजे काय हे तुला ठाऊक आहे. ती म्हणाली, पलंगावर पातेलं ठेवलेल्या खोलीत पोर येत नसते, हे तुला ठाऊक आहे. मी म्हणालो, डारिओ मोडेल, दोन दिवसांत. वातावरण बदललं आहे.

वातावरणात कचऱ्याच्या डब्याचा भाग मोठा आहे.

२२ डिसेंबर
दुपारी टॅक्सी आली. मी खुर्चीतून उठलो. लिडिया उतरली, टेसा तिच्या खांद्यावर, झोपेत, गाल लाल, मुठीत आईच्या ब्लाउजचा पट्टा. फोनवर दिसते त्यापेक्षा लहान आहे. केस माझ्या आईसारखे.

मी हात पुढे केले. लिडिया फाटकाशी आली आणि थांबली. म्हणाली, पपा, फलक आहे. मी म्हणालो, अगं, तो तुझ्यासाठी नाही. ती म्हणाली, धरण्यात आपला आणि परका नसतो, एक ओलांडतो तिथे दहा ओलांडतात, हे कोण म्हणायचं? मी म्हणालो, मी म्हणायचो, पण ती मोठ्या कारखान्यांची गोष्ट. ती म्हणाली, मी सात वर्षांची होते, शाळेच्या दारात झाडूवाल्यांचं धरणं होतं, माझा वार्षिक नाच होता, परीचे पंख लावून मी रस्त्यावर उभी राहिले. तेव्हा मला किती अभिमान वाटला होता, पपा.

चिडून नाही म्हणाली. हसत होती. खरंच तिला ओलांडवेना, की मला शिकवत होती, ते मला ठरवता आलं नाही.

मग डारिओची गाडी. त्याच्या बायकोनं खोली तयार करून ठेवली होती म्हणे, इनेसचं बोलणं झालेलं होतं. इनेस आतून बॅग घेऊन आली, दुसऱ्या हातात पातेलं. पोलेंटा तिकडेच होणार. डारिओनं बॅग गाडीत ठेवली, मला म्हणाला, उन्हात बसू नकोस रे. गाडी वळेपर्यंत टेसा जागी झाली नाही.

२३ डिसेंबर
घरात कुणी नाही. धरणं चालू आहे. ओलांडायला कुणी आलं नाही. या दृष्टीनं पूर्ण यशस्वी.

२४ डिसेंबर, सकाळी
इनेसचा फोन. टेसा काल हसली. पहिल्यांदा, आवाज करून. डारिओच्या घरी, डारिओच्या एसीखाली, डारिओच्या मांडीवर. मी म्हणालो, त्याच्या एसीतून पाणी गळतं का? ती म्हणाली, नाही, ओटो.

दुपारचं जेवण सगळ्यांचं तिथे. मलाही बोलावलं आहे. जाईन, पण तो माझ्या नातीला मांडीवर घेऊन मला या बसा म्हणणार, ते मला बघवणार नाही. ती माझ्या घरात हसली पाहिजे.

धरणं मी मागे घेणार नाही. हे स्पष्ट आहे. आयुष्यात घेतलं नाही, आज घेणार नाही. पण धरणं उठतं तसं ते मोडतंही. मोडणाऱ्याला आम्ही संपफोड्या म्हणायचो, थुंकायचो त्याच्या वाटेवर. आज सकाळपासून त्या माणसाचा विचार करतो आहे. त्याच्याही घरी कुणी लहान असेल.

डारिओला फोनवर म्हणायचं आहे, तोंडात नीट बसावं म्हणून इथे लिहून पाहतो. थोडक्यात.

डारिओ बेल्त्रामे, पाईप वाकडा बसला, एवढं पुरे, पुढचं काही म्हणू नकोस. तुझा बाप आणि मी एका पावाचे दोन तुकडे करून खाल्ले आहेत, तर त्याच्या मित्रासाठी आयुष्यात एकदा वाईट वाग. आज अकराच्या सुमाराला मी खुर्ची फिरवून रस्त्यापलीकडच्या उसाकडे तोंड करून बसणार आहे आणि कितीही आवाज झाला तरी मागे वळणार नाही. माझं धरणं मोड. माझ्या पाठीमागून, शिडी घेऊन, फाटकातून आत शीर.