कापील त्यानं बोलायचं नाही

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मनातलं चिडून बोलायला मला अजून तुम्हीच लागता. मुखेडच्या शाळेत मेंदूविज्ञानाच्या स्पर्धेसाठी माझी नि तिची जोडी तुम्हीच लावली. आठवडी बाजारातून बोकडाचा मेंदू स्टीलच्या डब्यात घालून आणायचात. ती लिंगायत घरची, मांसाला हात लावायची नाही. मग तुम्ही नियमच करून टाकला, "कापील त्यानं बोलायचं न्हाई, बोलंल त्यानं हात लावायचा न्हाई." मी वरचा पडदा सोडवून लहान मेंदू अलगद मोकळा करतोय, ती हात पाठीमागं बांधून एकेक भाग सांगतेय, आणि तुम्ही खिडकीशी चहा पिताय. लातूरच्या अंतिम फेरीत परीक्षकांनी मलाच विचारलं, हा कुठला भाग. मला येत होतं. मी तिच्याकडं बघत राहिलो, तीच बोलली. परतीच्या एसटीत तुम्ही म्हणालात, "हात लई हलका हाय तुझा. डोकं तेवढं थंड ठिव."

ते काही जमलं नाही. नांदेडचं कॉलेज मी भांडून अर्ध्यात सोडलं. ती लातूरला डॉक्टरकी शिकते, सुट्टीला आपल्याच शाळेत येऊन नववी-दहावीच्या पोरांकडून त्याच स्पर्धेची तयारी करून घेते. परवा तिचा फोन आला, "बाजारातून मेंदू आणशील का? तुलाच चांगला बघून घेता येतो." तुम्ही गेल्यावर काकूंनी मला दिलेला तुमचाच डबा बर्फात ठेवून घेऊन गेलो. वाटलं, कापायला मीच असणार.

तिथं तिच्या कॉलेजच्या वर्गातला एकजण हातमोजे घालून तयार. तोच कापतो, तोच बोलतो. लहान मेंदू पार फाडला त्यानं, तरी पोरं माना डोलवत राहिली. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, कलिंगड न्हाई ते." पोरं हसली, तोही हसला. ती हसली नाही. तिनं हातमोजे चढवले आणि त्याच्या हाताशेजारी स्वतःचा हात घातला. माझ्या वेळी तो हात कायम पाठीमागं होता, सर.

सगळे गेल्यावर तिनं विचारलं, "तू का थांबलास? काही बोलायचंय का?"

"न्हाई. डबा न्यायचा होता."

तिनं धुऊन, पुसून हातात दिला. तुमचा नियम मी नको तिथंही पाळत आलो, त्याचा राग तुमच्यावर काढायला हे पत्र लिहायला बसलो. आता ते टाकायचं कुठं, हे सांगायलाही तुम्ही नाही. एवढं मात्र सांगतो. डबा मी आणलाच नाही. तिची पाठ वळल्यावर बाकाखाली सरकवून आलो. परत जायला काहीतरी लागेलच ना.