शंख कोण फुंकणार?

ब्रिस्बेन

लाडक्या मासिनाला ताईची पोटभर माया.

आधी हे वाच : मी सुटले! गेल्या वर्षी तपासणीत माझ्या गर्भाशयाच्या तोंडाशी एक विषाणू सापडला होता, वर्षानुवर्षं राहिला तर कॅन्सर करू शकणारा. कळवलं नाही, आईने उपासच धरले असते. यंदाच्या तपासणीत तो सापडला नाही.

आपल्या चर्चमधल्या सोसेबाई इथे नर्स आहेत. मी चिडून विचारलं, "इतके दिवस माझं अंग झोपा काढत होतं का?"

"झोपा कसल्या ग! तो रक्तात उतरतच नाही. वरवरच्या थरात दडतो. सूज नाही, ताप नाही. अंगाला कळणार कसं?"

मला आपलं बेटावरचं गाव आठवलं. सांजप्रार्थनेच्या वेळी कुणी बाहेर फिरू नये म्हणून पोरं शंख घेऊन रस्त्यावर पहारा देतात. पण चोर कुंपणातच गुपचूप बसला, काही मोडतोड केली नाही, तर शंख कोण फुंकणार? माझ्या अंगातल्या पहारेकऱ्यांना तो उशिरा का होईना, दिसला. सगळ्यांनाच दिसतो असं नाही.

डुकरीण व्याली का? आईचा गुडघा कसा आहे?

आणि तू आपियाला, शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन तपासून घे. "मला काही होत नाही, मी कशाला जाऊ?" असं मुळीच लिहू नकोस.

मलाही काहीच होत नव्हतं.

तुझीच,
तिरेसाताई