खिळ्यांचं गाठोडं

चंडीमंदिर छावणी, मंगळवार, नोव्हेंबर १९८७

तीन दिवस! रेशमात गंजके खिळे गुंडाळले, वरून तार आवळली, व्हिनेगर शिंपडून व्हरांड्यात ठेवलं. शुक्रवारच्या प्रदर्शनासाठी कापडावर गंजाचे ठसे उमटायला हवे होते. शेजारणीला तो बॉम्ब वाटला! तिने गार्ड बोलावला, मग बॉम्बपथक आलं. त्यांच्या हवालदाराने सगळ्यांना लांब पिटाळलं आणि एकट्याने गाठोडं कापलं. रेशमाच्या नुसत्या चिंध्या.

हे म्हणतात, "अगं, खिळे आणि तार! पंजाबात रोज स्फोट होताहेत, या दिवसांत दुसरं काय वाटणार?" कळतं हो मला. पण तीन दिवस!

भांडायलाच बाहेर गेले. हवालदार पायरीवर बसला होता. "मेमसाब, थोडा पानी मिलेगा?" आणून दिलं, पण त्याच्या थरथरत्या हातात पेला ठरेना. मग मीच धरला.