दादाच्या नावापुढची खूण

दि. १४, गुरुवार
दुपार

ती. दादास,

धाकटीचा नमस्कार. तो घ्यायचा की पाकिटासकट परत पाठवायचा हे तू ठरव, पण पाकीट फोडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मधेच "कळलं, कळलं" म्हणून कागद बाजूला ठेवायची तुझी सवय मला चांगली माहीत आहे.

वहिनीला नमस्कार सांग. तिच्या आईंची तब्येत कशी आहे? आणि तुझा गुडघा? ऑपरेशन झाल्याचं मला वाण्याच्या दुकानात कळलं, तेही सुट्टे पैसे परत घेताना. असो.

माझं चाललंय. निवडणुकीपायी महिनाभर कामं तुंबली. शाळेचे बावीस गणवेश कापून पडलेत, एकालाही बाह्या नाहीत, आणि मुलांच्या आया रोज दारात. मशीनवर बसलं की मंडळातून फोन. मंडळाची खोली तीच, पिठाच्या गिरणीवरची. गिरणी चालू असली की अध्यक्षांचं भाषण ऐकू येत नाही, हा त्या जागेचा मोठा गुण. चष्मेवाला अध्यक्ष झाल्यापासून आधी ठराव, मग ठरावावर ठराव. पत्रकावर उमेदवार बाईंचा फोटो केवढा आणि त्याचा स्वतःचा केवढा, यात तीन संध्याकाळी गेल्या. बाई दातांच्या डॉक्टर आणि फोटोत तोंड घट्ट मिटलेलं, यात चौथी गेली. एवढं करून चार मतांनी पडलो, हे तू पेपरात वाचलंच असशील.

तर मुद्दा असा. तू आमच्या गाडीत का बसलास?

मतदानाच्या दिवशी साडेतीनला मास्तरांची गाडी तुझ्या दारात आली. ज्यांनी तुला, मला आणि अर्ध्या गावाला गाडी शिकवली तेच ड्रायव्हिंग स्कूलवाले मास्तर. दोन ब्रेकची गाडी, पुढेमागे 'शिकाऊ'ची पाटी, आणि त्या दिवशी टपावर आमचा हातभर झेंडा. तुझ्या बाल्कनीत समोरच्या पक्षाचा फलक, तोही एवढा मोठा की वहिनीला कपडे वाळत घालायला जागा उरलेली नाही. अशा माणसाने आमची गाडी बघून दार लावून घ्यावं. तू उलट सगळं घर गोळा केलंस. तू, वहिनी, मुलगा, सून आणि एरवी उंबऱ्यापर्यंतही न येणाऱ्या सासूबाई. मास्तर धरून सहाजण त्या गाडीत मावलात कसे, हे मला अजून कळलेलं नाही.

मी मंडळाची प्रतिनिधी म्हणून मतदानाच्या खोलीत बसले होते. खिडकीतून 'शिकाऊ'ची पाटी दिसली आणि बरं वाटलं, म्हटलं आपली आणखी चार-पाच मतं आली. मग अधिकाऱ्याने नावं वाचायला सुरुवात केली. माझं माहेरचं आडनाव मी लागोपाठ चार वेळा ऐकलं, पाचवं नाव तुझ्या सासूबाईंचं, आणि यादीत पाच रेघा मारल्या. आतून ओरडायची सोय नसते. तू काठी टेकत आलास, मत दिलंस, आणि जाता जाता माझ्याकडे बघून मान हलवलीस. पाच वर्षांत पहिल्यांदा. माझं डोकं असं तापलं की सांगायची सोय नाही. वाटलं, खिजवतोय. आमच्याच गाडीतून आम्हाला पाडायला आला, आणि वर मान हलवतोय.

निकाल लागल्यावर पाचातून चार वजा करायला चष्मेवाल्याला दोन मिनिटं लागली. मंगळवारी तातडीची बैठक. मास्तर फितूर झाले, दादा समोरच्यांत गेल्याचं शेंबड्या पोरालाही माहीत असताना त्यांनी मुद्दाम ती पाच मतं उचलून आणली, असा आरोप. मास्तर मंडळात आपल्याही आधीपासून आहेत. त्यांनी एवढंच सांगितलं, "चिठ्ठीवर घर होतं, मी आणलं." चिठ्ठी कुठेय? "टाकली असेल कुठेतरी." येत्या रविवारी त्यांना मंडळातून काढायचा ठराव आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि चोर तिथेच बसून बैठकीचं इतिवृत्त लिहीत होता.

इतिवृत्त मी लिहिते.

याद्यांची पद्धत तूच बसवलीस, त्यामुळे तुला समजवायला नको, पण कागदावर नीट उतरू दे. घरोघर जायचं. आपलं घर असेल तर नावापुढे बरोबरची खूण, त्यांचं असेल तर फुली, धरसोडीचं असेल तर गोल. मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत बरोबरवाल्यांपैकी जे आले नसतील त्यांच्या चिठ्ठ्या करून गाडी पाठवायची. फुलीवाल्यांच्या दाराशी चुकूनही जायचं नाही, "झोपले असतील तर झोपू द्या" हे तुझंच वाक्य, अजून सगळे म्हणतात. तुझी गल्ली माझ्याकडे आहे. तुमच्या पाचही नावांपुढे बरोबरची खूण मी केली आहे.

आणि हे तिसऱ्यांदा. दर निवडणुकीला मी तुझ्या जिन्यात सोळा नंबरपर्यंत बेल वाजवत येते. सतराला पाय अडतात. मग जिन्यातच उभी राहून यादीत खूण करते आणि खाली उतरते. फुली मारायला हात होत नाही, आणि बेल वाजवायला तर त्याहून नाही. मागच्या दोन वेळी खपून गेलं, कारण मतदान कोपऱ्यावरच्या शाळेत असायचं आणि तुम्ही सकाळीच पायी जाऊन यायचात. या वेळी केंद्र हललं गावाच्या दुसऱ्या टोकाला, त्यात तुझा गुडघा. बाहेरच्या टेबलावरच्या बायकांनी माझी यादी बघून इमानेइतबारे चिठ्ठी लिहिली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

यादी माझ्याकडेच आहे, गणवेशांच्या कापडाखाली. ती तपासावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. बहिणीला भावाचं मत माहीत नसेल, असं कुणाला वाटेल? खुणा पेन्सिलीच्या आहेत. खोटं कशाला सांगू, मंगळवारी बैठकीवरून आल्यावर मी रबर हातात घेतलं होतं. एका नावापुढची खूण अर्धी पुसलीही आहे, तुझ्या सुनेच्या.

काल मास्तर गाडीच्या सीटचं कव्हर शिवायला घेऊन आले. मी विचारलं, "मास्तर, तुम्ही बैठकीत गप्प का बसलात? यादी मागवा म्हणायचं ना."

"यादीतलं अक्षर कुणाचं, ते मला माहीत नाही का?" म्हणाले. "मला वाटलं, बहीणभाऊ एक झाले. बरं वाटलं, म्हणून गेलो. तुझ्या भावालाही तसंच वाटलं."

मग त्यांनी सांगितलं ते असं. तू दारात उभा राहून आधी गाडीकडे बघितलंस, मग झेंड्याकडे. म्हणालास, "धाकटीनं पाठवली का?" मास्तर म्हणाले, "हो." त्यावर तू आत वळून हाक मारलीस, "चला सगळे, धाकटीनं गाडी पाठवलीय." सासूबाई नको नको म्हणत होत्या, तर त्यांना हाताला धरून जिना उतरवलास. ते ऑपरेशन झालेल्या गुडघ्यानिशी. तुला कधी अक्कल येणार आहे?

मास्तर गेले आणि मी ते कव्हर उलटं शिवलं, सगळं उसवावं लागलं.

दादा, गाडी मी पाठवली नव्हती. मला ती पाठवायचं सुचायला हवं होतं, पण नव्हतं सुचलं. माझ्या भित्रेपणाने ती आपोआप तुझ्या दारात गेली आणि तू ती माझी समजलास. तू मान हलवलीस आणि मी मनातल्या मनात तुला शिव्या दिल्या.

इथवर लिहून खाली सही करता आली असती. भावाच्या मायेपोटी बहिणीच्या हातून चूक झाली, असं वाचणाऱ्याला वाटलं असतं आणि मीही वाटू दिलं असतं. पण ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही.

पाच वर्षांपूर्वी मंडळात उमेदवारीसाठी चिठ्ठ्या टाकल्या. तू आणि चष्मेवाला. नऊ विरुद्ध दहा. एका मताने गेलास. माझ्याकडे येऊन या कापायच्या टेबलाशी बसलास आणि म्हणालास, "धाकटे, आपल्यातल्याच कुणीतरी घात केला." मी तुला पाणी दिलं. मग तू मंडळ सोडलंस, मीही सोडावं म्हणालास, मी राहिले, म्हणून बोलणं बंद झालं. आपलं भांडण तेवढंच आहे असं तू समजतोस.

ती दहावी चिठ्ठी माझी होती.

मला कुणी फितवलं नव्हतं. तू माणसांचं ऐकून घेत नाहीस. नळाला आठ दिवस पाणी नाही म्हणून रडत आलेल्या बाईला तू "आधी बिल भरल्याची पावती दाखवा" म्हणाला होतास. ती तुझ्याकडून निघाली ती सरळ माझ्याकडे आली. तू निवडून आलास तर पुढची पाच वर्षं अशी सगळी माणसं माझ्याच दारात येणार, हे मला दिसत होतं. तुझं निस्तरून मी कंटाळले होते. नगरसेवक म्हणून तू वाईटच झाला असतास, हे मला आजही वाटतं. ज्याला मत दिलं तो तेव्हा दणकून पडला आणि त्याची भाषणं मी अजून ऐकते आहे, तेव्हा शिक्षा कमी झाली असं समजू नकोस. पण मत चुकलं असं मी म्हणणार नाही. तुला पाणी दिलं आणि गप्प बसले, ते चुकलं. फार चुकलं. पाच वर्षं तुझ्या जिन्यात माझे पाय अडतात ते तुझ्या रागाला भिऊन नव्हे. दार उघडून तू नुसतं "ये" म्हणाला असतास, तर मी काय केलं असतं?

रविवारी दहा वाजता मी यादी घेऊन उभी राहणार आहे. अर्धी पुसलेली खूणही दाखवीन. का केली असं विचारतील, तेव्हा पाच वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीचंही सांगेन. त्यांच्यातलं कुणीतरी संध्याकाळपर्यंत तुझ्या कानावर घालेलच. त्याआधी ते तुला माझ्या अक्षरात मिळावं म्हणून आज बाह्या सोडून हे लिहीत बसले.

तू त्या दिवशी मत कुणाला दिलंस ते मी विचारणार नाही. चष्मेवाला बेरीज-वजाबाकी करत बसला तरी पेटीत कुणी डोकावलेलं नाही. तूही सांगू नकोस.

मास्तरांना ठेवून मला काढतील. काढू देत. सव्वीस वर्षं रविवारची सकाळ मी गिरणीवरच्या त्या खोलीत घालवली. तू कधी आला असतास तर तुला कुलूपच दिसलं असतं. या रविवारी अकरानंतर मी घरी असेन. त्याच्या पुढच्याही.

तुझी,
धाकटी