शाईला दिलेला शेक

जव्हार, जि. ठाणे
रविवार, ३ ऑक्टोबर २००४

प्रिय ताई,

तू म्हणशील, फोन सोडून ही बया पत्र का लिहायला लागली? फोनवर मी मुद्द्यावर आले की तुझा कुकर शिट्टी देतो, नाहीतर शिकवणीची मुलं येतात, नाहीतर भावोजींचा डबा राहिलेला असतो. मग तू 'बघू गं' म्हणतेस आणि मी 'बरं' म्हणते. आपलं हे 'बघू' आणि 'बरं' गेली कितीतरी वर्षं चाललंय. आज मला सगळं एका दमात सांगायचंय. आईला न्हाऊ घालून ओट्यावर उन्हात बसवलंय, वेणी घातलीय, हातात तांदळाचं सूप दिलंय. निवडलेलेच तांदूळ ती पुन्हा निवडते आहे, तोवर मला वेळ आहे.

पुण्याच्या कामाचं तुला अर्धवट ठाऊक आहे. दिवाळीच्या आत हजर व्हायचं, काम निदान दोन वर्षांचं. मी अजून होकारही दिलेला नाही आणि नकारही नाही. नकार लिहायला घेतला की कागद फाडून टाकते, आणि होकार द्यायला गेले की आई हाक मारते. पण हे काम माझ्याकडे आलं कसं ते तू कधी नीट ऐकूनच घेतलं नाहीस. तुला वाटतं, मी गोदामात बसून पाकिटांवर शिक्के मारते.

शिक्के नाहीत गं. बिस्किटाच्या पुड्यावर, दुधाच्या पिशवीवर तारीख आणि किंमत असते ना, ती छापणारी यंत्रं नाशिकची आमची कंपनी बनवते. केसाहून बारीक भोकातून शाईची धार निघते, तिचे थेंब होतात, आणि विजेच्या ओढीने एकेक थेंब जागेवर जाऊन बसतो. पाकिटाला हातही लागत नाही. पण ही शहाणी यंत्रं कोकणात आणि केरळात गेली की पावसाळ्यात बिघडायची. अक्षरं वाकडी पडायची, आठाचा तीन व्हायचा. म्हणून कंपनीच्या देवरे साहेबांनी ती ओलीत तपासायला जव्हारला गोदाम भाड्याने घेतलं. एवढं धुकं, एवढी ओल आणि एवढी जा-ये करणारी वीज नाशिकपासून इतक्या जवळ दुसरीकडे कुठे मिळणार? आपल्या गावाचं हे कौतुक करणारा पहिला माणूस तो. घराजवळ नोकरी मिळते म्हणून मी हरखले. बी.एस्सी. झालेल्या मुलीला गावात दुसरं होतंच काय, एक तर शाळा, नाहीतर आदिवासी प्रकल्प कार्यालय.

आणि गंमत अशी की जव्हारच्या पावसात आमचं यंत्र कधी बिघडलंच नाही. दोन पावसाळे मी रोज कळवत होते, सर्व ठीक. मग कंपनीने कोकणातल्या गिऱ्हाइकांना खडसावलं की दोष ओलीचा नाही, तुम्हाला यंत्र वापरता येत नाही. शाई बनवणारे वापीचे देसाईभाई म्हणायचे, आमची शाई चोख आहे. बारीक भोकांचा तो सुटा भाग पुण्याच्या लिमयेबाईंच्या कारखान्यातून येतो. त्या म्हणायच्या, आमचा भाग तपासूनच बाहेर पडतो. देवरे साहेब म्हणायचे, मग काय माझं डोकं फिरलंय? खोटं कुणीच बोलत नव्हतं. जो तो आपापल्या कोरड्या खोलीत आपापलाच तुकडा तपासत होता.

यंदा ऑगस्टमध्ये वैतागून साहेबांनी तिघांची बैठक इथे ठेवली. एका दिवसाचं काम, संध्याकाळी परत. पण दुपारी मोखाड्याकडे दरड कोसळली आणि विक्रमगडच्या बाजूचा पूल पाण्याखाली गेला. अडकलेल्या एसटीच्या माणसांनी लॉज भरून गेली. बाईंना मी घरी आणलं, पुरुष दोघं गोदामातच सतरंज्या टाकून राहिले. दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू केलं, तर अक्षरं अशी लोंबायला लागली की विचारू नकोस. सगळे डोळे फाडून बघत होते, आणि माझं तर तोंडच पडलं. तेवढ्यात दारात आमची फागी रडायलाच लागली. झाडलोट करते ती फागी, सूर्यमाळची. म्हणाली, 'बाय, आज शेक नाय दिला. बापे निजलेले, मी कशी जाव आत?'

तुझ्या लक्षात आलं का? पावसाळ्यात आपण कपडे, धान्य, लेकरं सगळं शेगडीवर शेकतो ना, तसं ही बाई रोज सकाळी मी यायच्या आधी निखाऱ्यांची शेगडी आत ठेवून अख्खी खोली कोरडी करायची. यंत्राला गारठा बाधू नये म्हणून! मला यायला उशीर व्हायचा, कारण आईचं सगळं आवरून कुलूप लावून निघायचं. मी पोचेपर्यंत शेगडी बाहेर गेलेली असायची. ती शाई पेट्रोलसारखी पेट घेते हे ऐकल्यावर फागीने दोन्ही हातांनी कान धरले, आणि देसाईभाई छत्री न घेता पावसात जाऊन उभे राहिले. नंतर मात्र इतके हसले, की फागीलाही हसू आलं.

पुढचे काही दिवस रस्ते बंदच होते. वीज नाही, कुठे जायला जागा नाही, मग माणसं बोलायला लागली. शाईत काय काय घालतो ते देसाईभाईंनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, ते त्यांनी चुलीसमोर बसून सांगितलं. त्यांनी ओल कमी ओढणारी शाई सुचवली. लिमयेबाई म्हणाल्या, ती माझ्या भोकातच वाळून बसेल, मग यंत्र थांबताना भोक धुवावं लागेल. साहेब म्हणाले, धुतलं की शाई पातळ होईल, मग यंत्रालाच तिचा दाटपणा मोजायला शिकवावं लागेल. एकाचा उपाय दुसऱ्याची अडचण, म्हणून एकट्याने ते कधीच सुटलं नसतं. सप्टेंबरभर मी नव्या यंत्रावर बसले. शेगडी नाही, काही नाही, समोरची भिंत दिसत नाही एवढं धुकं आत शिरलेलं, आणि आठाचा आठच राहिला. आता तिन्ही कंपन्या पुण्यात लिमयेबाईंच्या इथे एकत्र काम करणार आहेत. एकमेकांचे कागद कुणाच्या हातात द्यायचे यावर तिघांचं एकच नाव निघालं. माझं.

त्या दिवसांत सगळी जेवायला आपल्या घरी असायची. आई कशी होती तुला सांगते. नावं विसरत होती, देसाईभाईंना चारदा मामा म्हणाली, पण भाकऱ्या तिने थापल्या. लिमयेबाईंना जवळ बसवून जामसरच्या शेतातल्या भाताची नावं सांगितली. गाणंसुद्धा म्हणाली, मी लहानपणानंतर ऐकलंच नव्हतं. रस्ता मोकळा झाला, माणसं गेली, आणि पुन्हा आम्ही दोघी आणि चार भिंती. दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं की तू कोण.

मी तिला कोंडून जाते, ताई. हे तुला कधी सांगितलं नाही. गेल्या वर्षी ती एकटीच एसटी डेपोत जाऊन बसली होती, बाबा गेलेत हे विसरून, त्यांची गाडी येणार म्हणून. तेव्हापासून मी बाहेरून कुलूप लावते. दुपारी धावत येते, तर ती खिडकीचे गज धरून उभी असते. नुसती माझ्याकडे बघते. कधीकधी तिच्यावर ओरडते आणि मग दोघी रडतो. मला तिचा राग येतो, तुझा येतो, आणि सगळ्यात जास्त या गावातून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा येतो. मी छत्तीस वर्षांची झाले. कुणी विचारलं तर सांगते, आई आहे ना. लोक मान डोलवतात, किती करते पोरगी म्हणतात. त्या कौतुकाने माझा जीव गुदमरतो गं.

पुण्यात खोली घेऊन तिला नेता येईल, असं तू म्हणशीलच. तिथेही मी दिवसभर बाहेर असणार आणि दाराला कुलूप असणार, शिवाय तिच्या ओळखीचा ओटाही नसणार. तुझ्याकडे माणसं आहेत. मुलं आहेत, शिकवणीचा गोंगाट आहे, तुझ्या सासूबाई आहेत. जागा लहान आहे, मला माहीत आहे. सासूबाईंचं आणि तिचं जमणार नाही, तेही माहीत आहे. तरी तिथे ती कोंडलेली नसेल. तुझ्यावर उपकार करत नाहीये मी, आणि माझ्यावर तू करावेस असंही म्हणत नाही. ती तुझीही आई आहे, एवढंच.

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. मंगळवारी सकाळच्या एसटीने आईला घेऊन मी तुझ्याकडे येते आहे. मी माझ्या तोंडाने बोलायला गेले, तर तू रडशील, चहा टाकशील, आणि संध्याकाळच्या गाडीने मी तिला घेऊन परत येईन. दरवेळी असंच झालंय. म्हणून हा कागद तुझ्या हातात ठेवीन आणि चपला न काढता पुण्याच्या गाडीला जाईन. तू हे वाचशील तेव्हा ती तुझ्या बाहेरच्या खोलीत बसलेली असेल. तिला फसवून आणलेलं नाही. काल तिचं डोकं ठिकाणावर होतं, तेव्हा सगळं सांगितलं. मग तिने एवढंच विचारलं, 'ती ठेवील का गं मला?' मी हो म्हटलं, तुला न विचारता. आता ती तुझ्याकडेच बघत असेल, ताई. तिच्याजवळ जा.

तुझीच,
नीता