तुंबडी लावू देणार न्हाय

मामंजी,

तुमी वैदूला आणायला अंथुर्ण्याला गेलाय, तंवर मी गाडी जुंपून ह्यांना बारामतीला नेतेय. तितनं दौंडावरनं पुण्याला.

ह्यांच्या अंगावर जांभळे डाग उठले, म्हणजे रक्त नासलं आन् ते तुंबडीनं ओढून काढायचं, असं तुमी ठरवलं. रक्त नासलेलं न्हाय. काळजाच्या आपरेशननंतर रक्त पातळ ठेवायला सुई चालू हाय, तिच्यामुळंच रक्त गोठवणारे कण कमी झाल्यात. सुई बंद करून तडक पुण्याला न्या, असं डाक्टर काल तुमच्यासमोरच म्हणाले. दाढी करताना जरासं कापलं, तर दुपारपातूर फडकी भिजत होती. त्या अंगावर तुंबडी लावायच्या आधी वैदू वस्तऱ्यानं चिरा पाडणार? मी जिती हाय तंवर ते व्हायचं न्हाय.

भाकरी टोपल्यात हायती. वैदूला जेवू घाला आन् वाटंला लावा.

मागच्या खेपेला दवाखान्यात नवऱ्याचं नाव विचारलं, तवा मी पदर तोंडाला लावून तुमच्याकडं बगितलं. ह्या खेपेला तुमी नसाल. मीच सांगणार, मोठ्यानं. हितं लिहूनच ठेवते: कुंडलिक तात्याबा वाघमोडे.

बना